झेब्रा यादीत राहिला

आमच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळरानावर, पहिलं रक्त सांडलं ते शहामृगाच्या पायाने. माजावर आलेल्या नराने काळविटाला समोरून एकच लाथ घातली आणि नखाने त्याचं पोट छातीपासून जांघेपर्यंत उसवलं. काळवीट तसंच वीसेक पावलं पळालं, मग स्वतःच्याच आतड्यांत पाय अडकून पडलं. मी त्याच्या डोक्याशी गुडघे टेकले आणि इंजेक्शन देऊन त्याला मोकळं केलं. मागे उभी असलेली ऋता म्हणाली, "काका, यादीतून कोणाला काढायचं? काळविटाला की शहामृगाला?" मला तिचा भयंकर राग आला. मेलेलं जनावर अजून गरम होतं आणि हिला यादी सुचत होती.

यादी म्हणजे आमच्या सवानाची यादी. एका कुंपणात कोणकोणती जनावरं एकत्र सोडायची, याची. ती करायला दोन माणसं नेमली होती, एक मी आणि एक ऋता, आणि आमचं दोघांचं एकदाही एकमत झालेलं नव्हतं.

मी काशिनाथ. पशुसंवर्धन खात्यात छत्तीस वर्षं पर्यवेक्षक होतो. पगार पर्यवेक्षकाचा, पण कणकवलीपासून मालवणपर्यंत लोकांच्या तोंडी मी ढोरांचा डॉक्टर. आडवं आलेलं वासरू कोपरापर्यंत हात घालून फिरवणारा माणूस अशी माझी ख्याती होती आणि ती मला आवडायची. निवृत्त झालो आणि गुरुप्रसाद घरी आला. तोंडवलीला त्याची दोन हॉटेलं आहेत, कातळावर साठ एकर सडा आहे, आणि कोणीतरी त्याला फोनवर आफ्रिकेतल्या सवाना नावाच्या रानाचा व्हिडिओ दाखवला होता. पिवळं वाळलेलं गवत, मधेच एखादं खुरटं झाड, खाली तांबडा कातळ. "काकानू, ह्यो तर आमचोच सडो," तो म्हणाला, "फकत जनावरा तेवडी नाय." प्राणिसंग्रहालयाच्या परवान्यांत तीन वर्षं गेली, पण त्याचा उत्साह काही उतरला नाही.

ऋता कणकवलीचीच, शिक्षक आईबापांची मुलगी. प्राणिशास्त्र शिकलेली, दक्षिणेकडच्या एका मोठ्या प्राणिसंग्रहालयात चार वर्षं काढून आलेली. वय एकोणतीस. बोलायची शुद्ध, रागावली की मात्र मालवणी. मला ती पहिल्या दिवशीच आवडली नाही. ती तुमचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग वहीत वेगळंच लिहायची.

यादीची बैठक तोंडवलीला हॉटेलातच झाली. जिराफाला उंच घर लागतं म्हणून जिराफ गेला, गेंड्याची परवानगी मिळेना म्हणून गेंडा गेला. उरले सहा. झेब्रा, शहामृग, काळवीट, तुरेवाले क्रौंच, विल्डबीस्ट म्हणजे दाढीवाला रेडाच म्हणा, आणि इलँड. इलँड हे आफ्रिकेतलं गाईएवढं हरीण. शिंगं पिळाची आणि गळ्याला आपल्या गाईसारखीच लोंबती पोळी. मी फोटो बघताक्षणीच इलँडवर खूण केली.

"झेब्रा काढा," ऋता म्हणाली. "सगळे नको, निदान नर तरी काढा. तो दुसऱ्यांची पिल्लं मारतो. खायला नाही, भुकेने नाही, नुसतीच मारतो. आणि इलँडची मादी गाभण येणार आहे."

"झेब्र्याशिवाय सवाना म्हणजे नवऱ्याशिवाय वरात," गुरुप्रसाद म्हणाला. मी हसलो.

ऋता हसली नाही. "प्राणी दिसतो कसा यावर निवड करायची नसते, काका. दोन गोष्टी बघायच्या. हरलेल्याला पळायला जागा आहे का, आणि जिंकलेला थांबतो का."

"जिंकलेला थांबतोच," मी म्हणालो. "छत्तीस वर्षं बघतोय मी."

"बैल थांबतो. झेब्रा थांबत नाही."

तिने मला बजावलं ती ही पहिली वेळ. यादीखाली दोघांच्या सह्या हव्या होत्या. ऋताने सही केली आणि खाली एक ओळ लिहिली, 'नर झेब्र्याला माझा विरोध आहे.' कालच्या पोरीने कागदावर मला विरोध करावा, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी माझ्या सहीखाली लिहिलं, 'जबाबदारी माझी.' लिहिताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

मला एवढी खात्री कुठून आली ते सांगायला हवं. आमच्याकडे भातकापणी झाली की मळ्यात बैलांच्या झुंजी लागतात. बंदी आहे, तरी लागतात. आठशे किलोचे दोन बैल कपाळाला कपाळ लावून उभे राहतात तेव्हा खालची जमीन हलते. डोळे फुटतात, शिंगं मुळातून निघतात. पण त्यात एक कायदा असतो. हरलेला बैल पाठ फिरवतो, आणि पाठ फिरली की जिंकलेला चार पावलं धावून थांबतो. मान कोणाचा ते ठरलेलं असतं, मग पुढे मारायचं कशाला? गोठ्यात नवा बैल आणला तरी आम्ही हेच करतो. एकदा झोंबू देतो, मान ठरू देतो, मग दोघे एका दावणीला सुखाने खातात. माणसाच्या अंगावर बैल आला तरी जुने लोक सांगतात, पळू नको, काठी टाक, पाठ फिरव आणि उभा राहा. मी हे स्वतः दोनदा केलंय आणि दोन्हीदा जिवंत राहिलोय.

ह्या झुंजींतला आमच्या भागातला नावाजलेला माणूस म्हणजे भिकाजी, माझ्या धाकट्या बहिणीचा, सुभद्रेचा नवरा. नात्याने भावोजी, पण माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला, म्हणून मी त्याला नावानेच हाक मारायचो. सवानावर जनावरं यायच्या आदल्या वर्षी मिठबावच्या बाजूला एका झुंजीत पाठ फिरवलेला बैल गर्दीत घुसला. त्याने एका बघ्याला जबड्याखालून शिंग घातलं ते टाळूतून वर आलं. तो माणूस जागीच गेला. त्याला सोडवायला गेलेल्या भिकाजीची मांडी हाडापर्यंत फाटली. एकतीस टाके.

टाके काढले त्या दिवशी सुभद्रा नवऱ्याचं सांगायला माझ्याकडे आली. ओट्यावर बसली, पाणीही घेतलं नाही.

"दादा, हेका खंय तरी कामाक लाव. माका घोव व्हयो. बैलाचो मान नको माका."

"लावतंय," मी म्हटलं.

"असा काम बघ, जंय हेच्या अंगार जनावर येवचा नाय. तू बघतलंस मां तेच्याकडे?"

"मी आसंय थंय. तुझ्या घोवाक खरचटूक पण देवचंय नाय."

म्हणून भिकाजी सवानावर लागला. चारा घालायचा, पाणी बघायचं, जनावरं मोजायची. आत जायचं ते जीपमधून. त्याचं काम नीट चाललं होतं आणि सुभद्रा मला दर आठवड्याला काही ना काही पाठवायची, कधी फणसाची भाजी, कधी कुळथाची पिठी.

ते काळवीट मेलं तसं आम्ही उरलेली काळविटं वेगळ्या कुंपणात नेली. शहामृग राहिला, कारण लोकांना शहामृग हवा असतो. सहाची यादी पाचावर आली. ऋताने वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही.

झेब्रे जानेवारीत आले, तीन माद्या आणि एक नर. नराची ऐट अशी की भिकाजीने त्याचं नाव पहिल्याच दिवशी नवरो ठेवलं. ह्या नवऱ्याने पिंजऱ्यातून उतरताना एका मादीच्या मानेचा लचका तोडला आणि दुसरीला लाथ घालून तिचा डोळा सुजवला. ऋताचं म्हणणं, तीन महिने त्याला जाळीच्या पलीकडे ठेवायचा, बाकीच्यांनी त्याला नुसता बघायचा, हुंगायचा. गुरुप्रसादला मार्च संपायच्या आत दार उघडायचं होतं. मी म्हटलं, तीन महिने कशाला, एकदा झोंबू दे. मान ठरला की झालं.

आम्ही त्याला विल्डबीस्टच्या नरासमोर सोडला. मी, भिकाजी आणि ऋता, तिघेही जीपमध्ये. विल्डबीस्टने गुडघे टेकून शिंगं लावली. नवऱ्याने शिंगांचा विचारच केला नाही. तो बाजूने गेला, रेड्याच्या मागच्या पायाची शीर दातांत धरली आणि ओढली. रेडा ओरडला. रेड्याला ओरडताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. तो कसाबसा सुटला, पाठ फिरवून पळाला आणि तळीच्या पाण्यात छातीपर्यंत घुसला. नवरा काठावर आला आणि थांबला.

"बगलास?" मी भिकाजीला म्हटलं. "पाठ फिरवल्यान, ह्यो थांबलो."

"बरोबर, दादानू," भिकाजी म्हणाला. "बैलासारकोच आसा."

"तो थांबला नाही," ऋता म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "त्याला गाठता आलं नाही. पाणी मधे आलं. काका, तुम्ही भिकाजींना भलतंच शिकवताय. उद्या पाणी नसेल तेव्हा काय करणार?"

ती दुसरी वेळ. मी तिला म्हणालो की तू पुस्तकं वाचलीस, मी जनावरं वाचली. वाक्य मला एवढं आवडलं की घरी जाऊन बायकोलाही सांगितलं. त्या रेड्याचा पाय पुढे सडला आणि पंधरा दिवसांनी त्याला मारावं लागलं. इंजेक्शन मीच दिलं. विल्डबीस्ट तो एकच आणला होता, यादी चारावर आली, आणि तरीही त्या चारांत नवरा होता. आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, जनावरं मरत होती आणि मी मेलेल्यांनाच यादीतून काढत होतो. मारणाऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं.

इलँडची मादी फेब्रुवारीत आली. रंग तांबूस, म्हणून भिकाजीने तिला तांबू म्हटलं. पोटुशी होती आणि स्वभावाने अगदी गोठ्यातली. भिकाजी जीपमधून हात बाहेर काढायचा आणि ती त्याच्या हातातलं गवत खायची. ऋताने कुंपणाच्या कोपऱ्यात एक आडोसा बांधून घ्यायला सांगितलं होतं, लहान पिल्लू शिरेल पण झेब्रा शिरणार नाही असा. इलँडचं पिल्लू पहिले दिवस उंच गवतात लपून राहतं, आणि आमचं गवत तोवर खाऊन बोटभर उरलं होतं. आडोसा व्हायचा होता. चिरे येऊन पडले होते, गवंडी लग्नाला गेला होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, ऋता माझ्या खोलीत आली. "तांबूची कास भरली आहे. आज नवऱ्याला आतल्या घरात बंद करा. बाळंत होईपर्यंत आणि त्याच्यानंतर दोन महिने."

मी जाऊन तांबूला बघितलं. लांबूनच. कास भरली होती, पण मागचं अंग अजून सैल पडलं नव्हतं. "अजून आठ दिवस आहेत," मी म्हटलं. "रविवारी गुरुप्रसादचे पाहुणे येणार आहेत, त्यांना नवरा बघायचाय. सोमवारी बंद करू."

"तुका गाय म्हायती आसा, काका," ऋता म्हणाली. ती मला पहिल्यांदाच अरेतुरे करत होती, आणि मालवणीत. "ही गाय न्हय. नवऱ्याक आज बंद कर. पाया पडतंय तुझ्या."

मी तिला म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करू नकोस, मोठ्यांशी बोलायची रीत असते. ती तिसरी वेळ होती.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास मी आणि भिकाजी कुंपणाबाहेर उभे होतो. जीप ऋता चारा आणायला घेऊन गेली होती. काजूच्या झाडाखाली तांबू बसलेली दिसली, मग उठली, मग पुन्हा बसली. दहा मिनिटांत पिल्लाचे पुढचे पाय बाहेर आले. माझा अंदाज सहा दिवसांनी चुकला होता. तरी त्या क्षणाला मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. पिल्लू पडलं, तिने चाटायला सुरुवात केली, आणि ते ओलं, थरथरणारं पिल्लू मागच्या पायांवर उठू लागलं. भिकाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

नवरा समोरच्या टेकाडावरून चालत आला. धावत नाही, चालत. तांबूने डोकं खाली घालून शिंगं दाखवली. त्याने वळसा घेतला, तिच्या जबड्यावर मागच्या दोन्ही पायांनी लाथ हाणली, आणि हाड मोडल्याचा आवाज आम्हाला कुंपणाबाहेर ऐकू आला. मग त्याने पिल्लाला मानेला धरून उचललं आणि कातळावर आपटलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. पिल्लू एकदाच ओरडलं. त्यानंतर तो त्याच्यावर गुडघे टेकून बसला आणि पोटाला चावू लागला. तांबू तोंडातून रक्त गाळत त्याच्या कुशीत शिंगं घालत होती. तो तिला मोजतच नव्हता.

"भिकाजी, थांब," मी म्हटलं, पण तो तोवर कुंपण चढून आत उडी मारून गेला होता. हातात काठी. झुंज मोडायला बैलांमध्ये शिरतात तसा तो शिरला आणि नवऱ्याच्या नाकाडावर त्याने एक घाव घातला. नवऱ्याने पिल्लू सोडलं. मान वर केली. कान मागे पाडले आणि भिकाजीकडे वळला.

भिकाजीपासून काजूचं झाड सात-आठ पावलांवर होतं. खालची फांदी छातीएवढ्या उंचीची. तो धावला असता तर चढला असता. त्याने झाडाकडे बघितलंही. पण त्याने आधी माझ्याकडे बघितलं.

आणि मी ओरडलो, "पळा नको! काठी टाक! पाठ फिरव, भिक्या, पाठ फिरव आणि उभो रव!"

त्याने काठी टाकली. त्याने पाठ फिरवली आणि तो उभा राहिला.

नवऱ्याने त्याला उजव्या दंडाला धरला. उचलून हलवला, चिंधी हलवावी तसा. भिकाजी खाली पडला तशी त्याने त्याच्या छातीवर गुडघे टेकले आणि दंड चावतच राहिला. बरगड्या मोडल्या. भिकाजी माझ्या नावाने ओरडत होता, दादानू, दादानू, दादानू. मी कुंपणाला धरून उभा होतो. हजार गाईंच्या पोटात हात घातलेला मी, मी आत गेलो नाही. मला भीती वाटली. हे लिहायची लाज वाटते, पण झालं ते असं झालं. मी बाहेरून दगड मारत राहिलो आणि तोंडाने अजूनही म्हणत होतो की आता थांबेल, आता थांबेल.

चारा घेऊन परतलेली जीप मागचं फाटक तोडून आत आली. ऋता चालवत होती. तिने हॉर्न वाजवला नाही, वेग कमी केला नाही. नवऱ्याच्या मागच्या अंगावर तिने जीप घातली. त्याची मांडी मोडली, तो एका बाजूला कलला, पण दात सुटले नाहीत. तिने जीप मागे घेतली आणि दुसऱ्यांदा घातली. ह्या वेळी पाठीचा कणा गेला. तरीही त्याचा जबडा उघडायला तिला उतरून जॅकचा दांडा दातांत घालावा लागला. भिकाजीचा हात कोपराच्या वर नुसत्या कातड्यावर लोंबत होता. तिने ओढणी काढली, दंडाला आवळली, त्यात पाना घालून पिळली. मग मान वर करून मला म्हणाली, "फाटक उघड आणि भित्तुर ये. पाय धर तेचे."

मी पाय धरले. तांबू तिथेच उभी राहून तुटक्या जबड्याने मेलेल्या पिल्लाला चाटायचा प्रयत्न करत होती.

कणकवलीत रक्त चढवलं आणि पुढे गोव्याला नेलं. रुग्णवाहिकेत ऋता बसली, मी मागून गुरुप्रसादच्या गाडीत. वाटेत गुरुप्रसाद सगळा वेळ एकच बोलत होता. "काकानू, तो आपणहून आत गेलो. आमचो नियम आसा, पायी आत जावचा नाय. नियम लिवलेलो आसा. तुमी कायएक बोला नको. तुमची सही आसा यादीर, माका तुमका अडकवचा नाय." मी गाडीच्या काचेतून बाहेर बघत होतो आणि मनातून, देवाशपथ सांगतो, मला सुटका वाटत होती.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाइकांना बसायची एक खोली होती. चारच्या सुमाराला सुभद्रा आली, शेजारच्या बाईला घेऊन. हातात पेजेचा डबा. कोणाला आणि कशी पाजणार होती कोण जाणे, पण डबा आणला होता. भिकाजी आपणहून आत गेला, हे गुरुप्रसादने फोनवर सांगितलेलं तिने पूर्ण धरलं होतं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की जीव वाचला, हात वाचला नाही. ती भिंतीला टेकली आणि भिकाजीला शिव्या द्यायला लागली.

"अक्कल नाय मेल्याक. बैलातसून काडलंय, तर हेणा झेबऱ्याक जावन मिठी मारल्यान. कोणी सांगलेला हेका आत जावक? घरात मी आसंय ता पण आठवला नाय मेल्याक."

"वयनी, आमी आरडत होतो, जाव नको म्हणान," गुरुप्रसाद म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.

ऋता समोरच्या खुर्चीत बसली होती. कुडत्यावर भिकाजीचं रक्त वाळून काळं पडलं होतं. तीही माझ्याकडे बघत होती. तिने तेव्हा तोंड उघडलं असतं तर मी कदाचित भांडलोही असतो. पण ती वाट बघत होती.

सुभद्रा अजून भिकाजीलाच बोल लावत होती. शुद्धीवर आल्यावर तो हे ऐकणार होता, जन्मभर ऐकणार होता, आणि खाली मान घालून ऐकून घेणार होता. मी उठलो.

"सुभद्रा, तेका दोष देव नको. तो झाडार चडलो असतो. मीच आरडलंय, पळा नको, पाठ फिरव म्हणान. माझा आयकल्यान तेणा."

तिला समजायला वेळ लागला. "तू थंय होतंस?"

"होय. भायर."

"आणि तू सांगलंस, पाठ फिरव?"

"होय. माका वाटला, तो बैलासारको थांबतलो."

"चुकान सांगलंस," ती म्हणाली. ती मला वाट करून देत होती. माझी बहीण, तिच्या नवऱ्याचा हात आत कापलेला, आणि ती मला वाट करून देत होती. "तुका तरी काय म्हायती, दादा. आफ्रिकेचा जनावर ता. तुका कोण सांगूक नाय, तर तू काय करतलंस?"

होय म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. गुरुप्रसाद मान हलवत होता. ऋता हातांकडे बघत होती.

"सांगलेला," मी म्हटलं. "ह्या ऋतान सांगल्यान होता. थांबणा नाय, बंद कर, यादीतसून काड म्हणान. तीनदा सांगल्यान. परवा पाया पडली माझ्या. मी आयकूक नाय. माका तिचो राग येय."

सुभद्रेने डबा दोन्ही हातांत धरला आणि माझ्या तोंडावर मारला. झाकण उडालं, पेज माझ्या छातीवर सांडली. तिने पुन्हा मारला, काठाने, आणि माझा ओठ दातांवर फाटला. एक दात हलून जिभेवर आला. मी हात वर केले नाहीत. शेजारची बाई तिला धरायला गेली तर तिने तिला ढकललं आणि तिसऱ्यांदा मारला, ह्या वेळी कपाळावर. तीन झाल्यावर थांबली. डबा खाली टाकला आणि ऋताजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

"बाय," ती ऋताला म्हणाली, "तू बस माझ्याकडे. हेका भायर घालव."

ऋता उठली. तिने दार उघडून धरलं. मी तिच्यासमोरून बाहेर गेलो आणि तिथल्या बाकावर रुमाल ओठाला लावून बसलो. गुरुप्रसाद कधी निघून गेला ते मला कळलं नाही.

साडेसहाला नर्स आली. भिकाजी शुद्धीवर येत होता. तिने खोलीच्या दारात उभी राहून विचारलं, दोघांना आत सोडते, ह्या बाई आणि आणखी घरचं कोण आहे?

मी बाकावरून उठलो.

"आमी दोघी येतंव, मी आणि ही ऋता," आतून सुभद्रा म्हणाली. "घरचा आणखी कोण नाय."